व्यापारी जागांची दलाली: नवख्याच्या हाती पैसा केव्हा आणि किती?

नोकरी-व्यवसायातील पैशाच्या व्यवहारांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांचे हे सदर आहे. या वेळची तिन्ही पत्रे विदर्भातील ग्रामीण भागातून आली असून तिन्हींचा विषय एकच आहे: कार्यालये, दुकाने, गोदामे आणि औद्योगिक जागा यांच्या दलालीत नव्याने उतरणाऱ्या तरुणांचा मोबदला. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे, कारण त्यातील हिशेब पुढील दोन्ही वाचकांनाही उपयोगी पडेल.

प्रश्न: स. न. वि. वि. मी दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहणारा कास्तकार आहे. सात एकर कोरडवाहू वावर हेच आमच्या घरचे उत्पन्न आहे. माझ्या मुलीने यवतमाळला बी.कॉम. आणि नागपूरला एम.बी.ए. पूर्ण केले असून तिला व्यापारी जागांच्या दलालीच्या क्षेत्रात दोन ठिकाणांहून बोलावणे आले आहे. पुण्याची एक मोठी कंपनी वर्षाला ३,६०,००० रुपये देऊ करते. नागपूरची एक पेढी पगार देत नाही. ती दरमहा १२,००० रुपये ‘ड्रॉ’ म्हणून देईल आणि प्रत्येक सौद्यात ‘फिफ्टी-फिफ्टी’ वाटा राहील असे सांगते. मुलीने अमेरिकेतील दलालांच्या मुलाखती पाहिल्या आहेत आणि पगारावर राहणारा माणूस या धंद्यात कधीच मोठा होत नाही, असे तिच्या मनाने घेतले आहे. पगार नसलेली नोकरी ही फसवणूक तर नाही ना, आणि आमच्यासारख्या घरातील मुलीने यातले काय निवडावे, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: आपण विचारलेल्या फसवणुकीच्या शंकेपासून सुरुवात करतो. पगार न देता केवळ दलालीतील वाट्यावर माणूस ठेवणे ही या व्यवसायातील जुनी आणि कायदेशीर पद्धत आहे, त्यामुळे तेवढ्यावरून नागपूरच्या पेढीच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीत पहिल्या वर्षाचा खर्च कोण सोसतो, हे पाहिले पाहिजे. तो पेढी सोसत नाही आणि ग्राहकही सोसत नाही. तो नव्या माणसाच्या घरातून जातो. शहरातील व्यापाऱ्याच्या मुलाला तो वडिलांच्या गल्ल्यातून मिळू शकतो. आपल्या घरी तो कापसाच्या चुकाऱ्यातून, म्हणजे पुढील हंगामाच्या बियाण्याच्या आणि खताच्या पैशातून जाणार आहे. म्हणून वाट्याची टक्केवारी पाहण्याआधी पैसे कोणत्या महिन्यात, कोणकोणत्या वजावटी होऊन आणि कोणत्या अटीवर हातात येणार आहेत, हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहत्या घराच्या भाड्याचा व्यवहार कधी कधी आठवड्याभरात उरकतो. व्यापारी जागेचे तसे नसते. एखाद्या कंपनीला गोदाम हवे असेल तर आधी तिची गरज समजून घ्यावी लागते, पाच-दहा जागा दाखवाव्या लागतात, त्यांतून दोन-तीन निवडल्या जातात, भाडे आणि अनामत यांवर बोलणी होतात, मग ‘एलओआय’ म्हणजे प्राथमिक संमतीचे पत्र दिले जाते, त्यानंतर दोन्ही बाजूंचे वकील कागद तपासतात आणि शेवटी करारनाम्याची नोंदणी होते. बुटीबोरी किंवा हिंगणा यांसारख्या औद्योगिक वसाहतीतील भूखंड असेल तर तो मुळात एमआयडीसीकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतलेला असतो, त्यामुळे पोटभाड्याने देण्यासाठी किंवा हस्तांतरणासाठी महामंडळाची परवानगी लागते आणि तेथेही वेळ जातो. नोंदणीनंतर पेढी आपले बिल पाठवते, आणि ते बिल चुकते होण्यास आणखी महिना ते तीन महिने लागणे मुळीच असामान्य नाही. नव्या माणसाला आधी ओळखी जमवाव्या लागतात हे लक्षात घेतले, तर पहिल्या दलालीचे पैसे हाती पडायला सहा महिने ते वर्ष लागेल असे धरूनच चालावे. मध्येच कंपनीच्या मुख्य कार्यालयाने विस्ताराचा बेत रद्द केला, तर चार महिन्यांच्या धावपळीचा एक रुपयाही मिळत नाही, आणि त्यात कोणाचा दोषही नसतो.

आता ‘फिफ्टी-फिफ्टी’ या शब्दाचा हिशेब पाहू. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्यक्ष व्यवहारात ते कमी-जास्त असतील. समजा, २०,००० चौरस फुटांचे एक गोदाम दर चौरस फुटाला २० रुपये दराने भाड्याने गेले. महिन्याचे भाडे ४,००,००० रुपये झाले. भाडेपट्ट्याच्या व्यवहारात साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली घेण्याची पद्धत आहे, तेव्हा दलालीही ४,००,००० रुपये झाली. तिच्यावर १८ टक्के दराने ७२,००० रुपये जीएसटी लागेल, पण ती रक्कम सरकारची आहे, तिचा विचार येथे करू नये. जागा दुसऱ्या दलालाने आणली आणि भाडेकरू आपल्या पेढीने आणला असेल, तर दलाली दोघांत विभागली जाते. पेढीकडे २,००,००० रुपये राहतात. त्यातील निम्मे, म्हणजे १,००,००० रुपये, पेढीचे. उरलेल्या १,००,००० रुपयांवर ज्येष्ठ दलाल आणि नवीन माणूस या दोघांचा हक्क असतो, आणि ग्राहक ज्येष्ठाच्या ओळखीचा असल्यामुळे ७० टक्के त्याला व ३० टक्के नव्या माणसाला अशी वाटणी होते. म्हणजे आपल्या मुलीच्या वाट्याला ३०,००० रुपये आले. दलालीवरील उद्गम करकपातीचा (टीडीएस), म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या कराचा, दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाला आहे. त्याप्रमाणे ६०० रुपये कापले गेले तर हाती २९,४०० रुपये पडतील. चार लाखांच्या दलालीतील हा आकडा आहे. पेढीने खोटे काहीच सांगितलेले नाही, अर्धा वाटा तिने दिलाच. तो अर्धा भाग कशाचा, एवढेच ऐकणाऱ्याने विचारले नव्हते.

यानंतर दरमहाच्या १२,००० रुपयांकडे वळू, कारण सर्वांत मोठा गैरसमज याच रकमेविषयी होतो. ड्रॉ हा पगार नाही. सालदाराने मालकाकडून घेतलेली उचल जशी त्याच्या सालाच्या रकमेतून वळती होते, तशीच ही रक्कम पुढे मिळणाऱ्या दलालीतून वळती केली जाते. मुलीने नऊ महिने ड्रॉ घेतला तर तिच्या नावावर १,०८,००० रुपये उचल चढेल. वरचा सौदा दहाव्या महिन्यात पूर्ण झाला, तर २९,४०० रुपये तिच्या हातात येणार नाहीत, ते उचलीत जमा होतील आणि ७८,६०० रुपये बाकी राहतील. ही बाकी ठेवून तिने पेढी सोडली तर काय, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. काही ठिकाणी बाकी सोडून दिली जाते, म्हणजे तो ड्रॉ परत न करण्याचा असतो. काही ठिकाणी ती कर्ज समजून वसूल केली जाते. दोन्हींना व्यवहारात ‘ड्रॉ’ हाच एक शब्द वापरतात. आपल्या मुलीच्या नेमणूकपत्रात यांपैकी कोणता प्रकार लिहिला आहे, हे वाचल्याखेरीज सही करू देऊ नये. वसुलीचा प्रकार असेल आणि सोबत कोरा धनादेश किंवा वचनचिठ्ठी मागितली जात असेल, तर मी तो प्रस्ताव नाकारावा असेच सांगेन.

अमेरिकेतील मुलाखतींविषयी थोडक्यात. तेथे व्यापारी जागांचे बहुसंख्य दलाल हे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार म्हणून काम करतात, ज्या राज्यात काम करतात त्या राज्याचा परवाना घेतात, आणि परवानाधारक मुख्य दलालाच्या पेढीखाली राहून दलालीतील वाटा घेतात. तेथे नवखे लोक ड्रॉवर किंवा निव्वळ वाट्यावर सुरुवात करतात हे खरे आहे. तेथेही साठवलेल्या पैशावर किंवा जोडीदाराच्या पगारावर पहिले वर्ष काढावे लागते, हे मात्र यशस्वी माणसाच्या मुलाखतीत ठळकपणे येत नाही. आपल्या देशात सीबीआरई, जेएलएल, कुशमन अँड वेकफिल्ड, कोलिअर्स, नाइट फ्रँक यांसारख्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्या नव्या माणसाला सामान्यतः पगारावर घेतात आणि वर कामगिरीनुसार प्रोत्साहन रक्कम देतात, तर स्थानिक पेढ्यांत वाट्याची पद्धत अधिक दिसते. तेव्हा पगारावर सुरुवात करणे कमीपणाचे मानण्याचे काही कारण नाही. आपल्याकडील मोठ्या कंपन्यांचा तो रिवाजच आहे.

पुण्याच्या प्रस्तावाकडेही तितक्याच बारकाईने पाहावे. ३,६०,००० रुपये हा आकडा बहुधा सीटीसी, म्हणजे कंपनीला येणारा एकूण खर्च असेल. त्याला बाराने भागून ३०,००० रुपये दरमहा मिळतील असे समजू नये. एक शक्य मांडणी सांगतो. त्यातील ६०,००० रुपये वर्षअखेरीस कामगिरी पाहून द्यावयाची बदलती रक्कम असू शकते. मूळ वेतन १५,००० रुपये असेल तर भविष्य निर्वाह निधीतील कंपनीचा १२ टक्के हिस्सा दरमहा १,८०० म्हणजे वर्षाला २१,६०० रुपये झाला, आणि उपदानापोटी (ग्रॅच्युइटी) आणखी ८,६५८ रुपये दाखवले जातात, जे एरवी पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळतात. हे सर्व वजा जाता २,६९,७४२ रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २२,४७८ रुपये उरतात. त्यातून मुलीचा स्वतःचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा १,८०० रुपये कापला जाईल. महाराष्ट्रात दरमहा २५,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या महिलांना व्यवसाय कर लागत नाही, त्यामुळे तो कापला जाणार नाही. हाती सुमारे २०,६७८ रुपये येतील. पुण्यात खोलीभाडे, खाणावळ आणि जाणे-येणे भागवून यातून घरी फारसे काही पाठवता येणार नाही, परंतु घरून मागवावेही लागणार नाही. भविष्य निर्वाह निधीत दोन्ही बाजूंचे मिळून महिन्याला ३,६०० रुपये भरले जातील, हीसुद्धा बचतच आहे.

पगारी नोकरीतील प्रोत्साहन रकमेलाही उंबरठा असतो. आपल्या पगाराच्या किंवा आपल्यावरील एकूण खर्चाच्या अमुक पट दलाली कंपनीला मिळवून दिल्यानंतर, वरच्या रकमेवर काही टक्के प्रोत्साहन, असा नियम अनेक ठिकाणी असतो. हा पट तीन असेल तर आपल्या मुलीला आधी १०,८०,००० रुपयांची दलाली कंपनीला आणून द्यावी लागेल आणि तिच्या प्रोत्साहन रकमेचा हिशेब त्याच्या वरून सुरू होईल. पहिल्या वर्षी नवख्या माणसाकडून हे होणे अवघड आहे, म्हणून त्या वर्षीचे घराचे अंदाजपत्रक केवळ हाती येणाऱ्या पगारावर आखावे. बदलती रक्कम मिळाली तर ती वरकड समजावी.

आता माझे मत मागितले आहे म्हणून सांगतो. घरी किमान वर्षभर पुरेल एवढी मोकळी रक्कम शिल्लक नसेल, आणि ‘मोकळी’ म्हणजे पीककर्ज, बियाणे, औषधपाणी आणि आजारपण यांना हात न लावता शिल्लक असलेली रक्कम, तर मुलीने पुण्याची पगारी नोकरी घ्यावी. दोन वर्षे तेथे काढल्यावर तिला करारनामे वाचता येतील, बाजारातले दर कळतील, मोठ्या कंपन्यांच्या जागा पाहणाऱ्या अधिकाऱ्यांशी ओळखी होतील. त्यानंतर वाट्यावर काम करण्याचा निर्णय ती अधिक भक्कम पायावर घेऊ शकेल. केवळ वाट्यावर काम करून ज्यांनी मोठी कमाई केली, त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरात एक अनिश्चित उत्पन्न आधीच आहे. त्याच्या जोडीला दुसरे अनिश्चित उत्पन्न आणणे, आणि तेही पहिले वर्ष उलटा खर्च करून, मला योग्य वाटत नाही. खरिपात नापिकी झाली आणि त्याच वर्षी मुलीचा सौदाही फिसकटला, तर सावकाराच्या दारात जाण्याची वेळ येईल, ही भीती मी आपल्यापासून लपवू इच्छित नाही.

तरीही नागपूरचा प्रस्ताव सरळ नाकारण्याआधी एकदा पेढीशी बोलून पाहण्यास हरकत नाही, कारण घराजवळ राहणे आणि आपल्याच भागातील बाजार शिकणे यांचेही मोल आहे. पहिल्या सहा महिन्यांचा ड्रॉ परत न करण्याचा ठरवावा, उचलीला कमाल मर्यादा घालावी, आणि पेट्रोल व मोबाइलचा खर्च पेढीने द्यावा, असे मुलीने नम्रपणे पण स्पष्टपणे मागावे. जागा दाखवण्यासाठी नागपूरहून बुटीबोरी, मिहान आणि कळमेश्वर अशा फेऱ्या रोज होऊ लागल्या की १२,००० रुपयांपैकी बराच भाग पेट्रोलमध्येच जातो, हे पेढीलाही ठाऊक असते. ज्येष्ठ दलालाबरोबर केलेल्या कामात तिचा वाटा किती आणि तिने स्वतः आणलेल्या ग्राहकात किती, हे दोन वेगळे आकडे लिहून घ्यावेत. नेमणूक ‘कर्मचारी’ म्हणून आहे की ‘सल्लागार’ किंवा ‘असोसिएट’ म्हणून, हेही पाहावे. दुसऱ्या प्रकारात भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा, प्रसूतीची रजा यांतले काहीच मिळत नाही. पॅन क्रमांक मात्र पहिल्याच दिवशी द्यावा, नाहीतर कर २ टक्क्यांऐवजी २० टक्के दराने कापला जातो. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो; मुलीचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी विवरणपत्र भरण्याची सवय तिने पहिल्याच वर्षी लावून घ्यावी, पुढे बँकेकडून कर्ज घेताना तोच कागद उपयोगी पडतो.

प्रश्न: मी हिंगणघाट तालुक्यातील असून शहरातील एका दलाली पेढीत वाट्यावर काम करत होतो. एका वितरक कंपनीसाठी मी गोदाम शोधले, मालकाशी भाडे ठरवले, संमतीचे पत्रही झाले. करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी घरच्या अडचणीमुळे मला काम सोडावे लागले. आता पेढी म्हणते की पैसे आले त्या दिवशी तुम्ही आमच्याकडे नव्हता, म्हणून वाटा मिळणार नाही. मला नेमणूकपत्र दिले नव्हते. केवळ दोन वर्षे त्या शहरात हा व्यवसाय करणार नाही, अशा एका कागदावर सही घेतली होती. गोदामाच्या मालकाकडे थेट पैसे मागावेत काय?
— एक वाचक, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर: मालकाकडे पैसे मागू नका. दलालीचा करार मालक आणि पेढी यांच्यात झाला होता, बिलही पेढीचे होते. तुमचा हक्क पेढीविरुद्ध आहे. मालकाकडे गेल्याने तुमचे म्हणणे कमकुवत होईल आणि बाजारातील नावही खराब होईल.

नेमणूकपत्र नसले तरी तोंडी करार हा करारच असतो, अडचण तो सिद्ध करण्याची असते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २१९ प्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसेल तर अभिकर्त्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्याचा, मोबदला सोपवलेले काम पूर्ण झाल्यावर देय होतो. पेढी म्हणेल की काम नोंदणीच्या दिवशी पूर्ण झाले आणि त्या दिवशी तुम्ही नव्हता. तुमचे म्हणणे असे राहील की भाडेकरू आणि मालक यांना एकत्र आणून अटी ठरवण्याचे तुमच्याकडे सोपवलेले काम संमतीपत्राच्या दिवशीच पूर्ण झाले होते आणि पुढचा सौदा त्याच कामातून घडला. ‘पैसे येण्याच्या दिवशी पटावर असणे आवश्यक’ अशी अट तुम्ही कोठे लिहून दिली नसेल, तर ती नंतर तुमच्यावर लादणे पेढीला सोपे नाही. अशी अट लेखी असती तर मात्र मी तुम्हाला फारशी आशा दाखवली नसती.

त्यासाठी पुरावा जमवा. जागा दाखवल्याच्या तारखांचे व्हॉट्सॲप संदेश, भाड्याच्या बोलणीचे ई-मेल, संमतीपत्राची प्रत, आधीच्या सौद्यांत पेढीने तुम्हाला दिलेल्या वाट्याच्या बँकेतील नोंदी, हे सर्व मूळ मोबाइलसह जपून ठेवा. फोन बदलू नका आणि संदेश पुसू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकिलांकडून करून घ्या. आधीच्या सौद्यांतील बँक नोंदी विशेष मोलाच्या आहेत, कारण तुमच्यात कोणत्या दराने वाटणी होत होती हे त्यांतून दिसते.

मग पेढीला स्पीड पोस्टाने एक शांत, मुद्देसूद पत्र पाठवा. संपूर्ण वाट्याचा आग्रह धरण्याऐवजी, नोंदणीपर्यंतचे उरलेले काम दुसऱ्याने केले हे मान्य करून वाजवी हिस्सा मागावा. बहुतेक पेढ्या अशा मागणीवर बोलायला तयार होतात. न ऐकल्यास वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज करता येतो; लोकअदालतीत न्यायालयीन शुल्क लागत नाही. थकीत रकमेच्या दाव्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून बोलणी चालू आहेत या भरवशावर वर्षे जाऊ देऊ नका.

दोन वर्षे व्यवसाय न करण्याच्या कागदाची चिंता सोडा. करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार कोणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो, आणि काम सोडल्यानंतरच्या अशा बंदीला आपली न्यायालये सहसा मान्यता देत नाहीत. पेढीची ग्राहकयादी किंवा कागदपत्रे सोबत नेणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तसे काही तुमच्याकडे असेल तर ते परत करा.

प्रश्न: आमच्या कारंजा परिसरातून समृद्धी महामार्ग गेल्यापासून गोदाम, पेट्रोलपंप, ढाबा यांसाठी जागा पाहणारे लोक येतात. माझ्या ओळखी बऱ्याच आहेत. कोणत्याही पेढीत न जाता मी स्वतःच ही दलाली सुरू करावी म्हणतो. महारेराची नोंदणी लागेल काय, आणि सुरुवातीला उत्पन्न कसे मिळते?
— एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशीम

उत्तर: नोंदणी तुम्ही काय विकणार यावर अवलंबून आहे. विकासकाने महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदवलेल्या प्रकल्पातील भूखंड, दुकान, कार्यालय किंवा गाळा विकण्यास मदत करणार असाल, तर २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे अभिकर्ता म्हणून नोंदणी अनिवार्य आहे. ती न करता काम केल्यास चूक चालू असेपर्यंत दररोज १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात त्यासाठी आधी विहित प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. व्यक्तीसाठी नोंदणी शुल्क १०,००० रुपये असून नोंदणी पाच वर्षे टिकते. शेतजमिनीचा सुटा व्यवहार किंवा गोदामाचा भाडेपट्टा यांना ही नोंदणी लागत नाही. तुमच्या पत्रावरून तुमची सुरुवात याच व्यवहारांपासून होईल असे दिसते, तेव्हा पहिल्या दिवशी हा खर्च करण्याची घाई नको. महामार्गालगत नोंदणीकृत प्रकल्पांचे काम हाती येऊ लागले की परीक्षा द्या.

उत्पन्नाचे म्हणाल तर, खरेदी-विक्रीत प्रत्येक बाजूकडून एक ते दोन टक्के आणि भाडेपट्ट्यात सुमारे एका महिन्याचे भाडे, हा सर्वसाधारण प्रघात आहे. वर पेढी नसल्यामुळे दलाली संपूर्ण तुमची राहील, पण ड्रॉ, पेट्रोल, फोन यांतले काहीही कोणी देणार नाही. शेती किंवा दुकान असे दुसरे उत्पन्न चालू ठेवूनच हे काम सुरू करा. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची गरज नाही.

ग्रामीण भागात नवख्या दलालाची सर्वाधिक मेहनत वाया जाते ती जमिनीच्या कागदांमुळे. जागा दाखवायला नेण्यापूर्वी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढून पाहा. ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. वारसांचे फेरफार झालेले नसतील तर एखादी बहीण किंवा चुलता ऐनवेळी सही नाकारतो. घेणारा शेतकरी नसेल तर विदर्भासाठी असलेल्या १९५८ च्या कूळवहिवाट अधिनियमाच्या कलम ८९ खाली त्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. यांपैकी एकही गोष्ट आड आली की सौदा महिनोन्‌महिने अडतो किंवा मोडतो, आणि सौदा मोडला की दलाली नाही. ज्या जमिनीचे कागद स्वच्छ आहेत, त्याच आधी दाखवा.

जागा दाखवण्याआधी दलालीची टक्केवारी आणि ती केव्हा द्यायची, म्हणजे इसाराच्या वेळी किती आणि खरेदीखताच्या दिवशी किती, याची एका पानाची लिखापढी दोन्ही बाजूंकडून करून घ्या. गावात ओळखीच्या माणसाकडे असा कागद मागायला संकोच वाटतो हे मी जाणतो, पण खरेदीखत झाल्यावर ‘तुम्ही फक्त ओळख करून दिली’ असे तोच ओळखीचा माणूस म्हणतो, अशा तक्रारी या सदराकडे वारंवार येतात. दलाली बँकेमार्फतच घ्या आणि पावती द्या. इसाराची रक्कम मात्र कधीही स्वतःच्या खात्यात किंवा हातात घेऊ नका; ती घेणाऱ्याकडून थेट देणाऱ्याच्या खात्यात जाऊ द्या, कारण सौदा फिसकटला तर त्या रकमेचा जाब दोन्ही बाजू तुम्हालाच विचारतील.